कॅप्टन केग्विन, मायनाक भंडारी आणि आपली माणसं

(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आदरणीय गुरुजन, आणि १९७९ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला आधीच बजावलं होतं, "तू जन्मभर जहाजावर काढलास, तेव्हा समुद्रावर बोल. पण तुझ्या वादळाच्या गोष्टी नकोत. त्या दर मे महिन्यात ऐकून आमच्या पाठ झाल्यात." म्हणून आज मी माझी गोष्ट सांगणार नाही. माझ्यासारख्याच एका जहाजी माणसाची सांगणार आहे. तो इंग्रज होता, त्याला जाऊन सव्वातीनशे वर्षं होऊन गेली, आणि तो आपल्या शिवाजी महाराजांच्या आरमाराविरुद्ध लढला होता. तरीही त्याची गोष्ट मंडणगडात सांगावीशी वाटते. का, ते शेवटी सांगतो.

त्याचं नाव रिचर्ड केग्विन.

इंग्लंडच्या नकाशात खाली डाव्या कोपऱ्यात समुद्रात घुसलेलं एक टोक दिसतं. त्या मुलखाला कॉर्नवॉल म्हणतात. खडकाळ किनारा, लहान लहान बंदरं, मासेमारी, आणि पोटासाठी बाहेर पडणारी माणसं. म्हणजे आपलं कोकणच म्हणा ना. फक्त आंबा नाही. तिथल्या पेन्झान्स गावचा हा केग्विन. १६६५ च्या सुमारास तो इंग्लंडच्या राजाच्या आरमारात शिरला. त्या वेळी इंग्रज आणि डच यांची समुद्रावर जुंपलेली होती, त्यामुळे तरुण पोराला हाताला काम होतं आणि वर चढायला संधी होती.

त्याचं नाव पहिल्यांदा ठळकपणे दिसतं ते १६७३ साली, सेंट हेलेना बेटावर. हे बेट अटलांटिक महासागराच्या मधोमध आहे. पुढे नेपोलियनला कैदेत ठेवलं ते हेच. हिंदुस्थानातून परतणारी जहाजं इथे पाणी भरायची, म्हणून त्याला फार किंमत. त्या वर्षी डचांनी ते जिंकलं आणि काही महिन्यांत इंग्रजांनी परत घ्यायचं ठरवलं. रिचर्ड मंडन हा सेनापती आणि 'असिस्टन्स' हे त्याचं जहाज. केग्विन त्यावर लेफ्टनंट होता. समोरून बंदरावर तोफा, म्हणून बेटाच्या मागच्या अंगाने, सरळसोट कड्यावरून माणसं चढवली. वाट दाखवायला त्याच बेटावर राहिलेला ऑलिव्हर नावाचा एक काळा गुलाम होता. बेट परत मिळालं आणि केग्विनला तिथला गव्हर्नर म्हणून ठेवलं. ऑलिव्हरचं नाव लक्षात ठेवा. अशा माणसांकडे आपल्याला परत यायचं आहे.

तिथून १६७६ साली केग्विन मुंबईला आला.

मुंबई तेव्हा कशी होती? पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाला मिळालेली सात बेटं. राजाला ती सांभाळणं परवडेना, म्हणून १६६८ मध्ये त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकली. किल्ल्यातल्या शिबंदीत थोडे इंग्रज शिपाई आणि बाकी इथलेच लोक. बेटाच्या राखणीसाठी जी पलटण उभी केली होती ती भंडाऱ्यांची. माडाला चढणारे, दर्याची जाण असणारे हे आपलेच लोक. केग्विनला कंपनीने या सगळ्या फौजेत वरची जागा दिली.

आता येतं १६७९. आपण दहावीला बसलो त्याच्या बरोबर तीनशे वर्षं आधी.

मुंबईहून बोटीने दक्षिणेला निघालं की अलिबागच्या जरा अलीकडे, थळच्या समोर दोन लहान बेटं दिसतात. बाहेरचं खांदेरी, आतलं उंदेरी. खांदेरीवर आज दीपगृह आहे, १८६७ सालचं. मुंबईला परतताना कितीतरी रात्री मी तो दिवा पाहिला. तो दिसला की घर आलं असं समजायचं. शिवाजी महाराजांनी हेच बेट निवडलं. कारण उघड आहे. खांदेरीवर तोफ असली की मुंबईत येणारं-जाणारं प्रत्येक गलबत तुमच्या नजरेखालून जाणार. आणि जंजिऱ्याचा सिद्दी पावसाळ्यात आपलं आरमार माझगावला आणून ठेवायचा, उघाडी झाली की आपला किनारा लुटायचा, त्यालाही चाप बसणार.

त्या वर्षीच्या भाद्रपदात मायनाक भंडारी माणसं आणि सामान घेऊन बेटावर उतरला आणि दगडाची तटबंदी रचायला लागला. इंग्रज हादरले. त्यांनी होड्या पाठवून सांगितलं, बेट आमचं आहे, खाली करा. मायनाकने उत्तर दिलं की आपल्या राजाच्या हुकमाशिवाय आपण हलणार नाही. १९ सप्टेंबरला थॉर्प नावाचा इंग्रज लेफ्टनंट बेटावर उतरायला गेला आणि तिथेच मारला गेला. तेव्हा मग मोठी तयारी झाली. एक फ्रिगेट जातीचं जहाज, नाव 'रिव्हेंज', दोन गुराबा, तीन शिबाडं आणि दोन मचवे. या सगळ्यांवर मुख्य म्हणून केग्विन आला, आणि 'रिव्हेंज'चा कप्तान विल्यम मिंचिन.

१८ ऑक्टोबरला पहाटे नागावच्या खाडीतून दौलतखानाचं आरमार बाहेर पडलं. पन्नासच्या आसपास गलबतं, वल्ह्यांवर भरधाव येणारी. इंग्रजांना नांगर उचलायलाही धड वेळ मिळाला नाही. अर्ध्या तासात त्यांची एक गुराब हाती लागली आणि तिच्यावरची माणसं कैद झाली. लहान होड्या पळाल्या. उरलं एकटं 'रिव्हेंज', त्यावर केग्विन आणि मिंचिन. त्या एकट्या जहाजाने तोफा चालवून आपली गलबतं मागे हटवली, काही बुडवली, आणि नागावच्या तोंडापर्यंत त्यांचा पाठलाग केला.

जहाजी माणूस म्हणून सांगतो, पन्नास होड्यांच्या घेऱ्यात एक जहाज उभं ठेवणं खायचं काम नाही. त्या दिवशी केग्विनने आपलं काम चोख केलं. ते मान्य करायला आपल्याला कमीपणा नाही.

पण लढाई जिंकून बेट मिळालं का? नाही. कारण खरी लढाई त्यानंतर रोज रात्री होत होती. इंग्रजांचं जहाज जड, त्याला खोल पाणी लागणार आणि वारा लागणार. वारा पडला की ते ओंडक्यासारखं जागच्या जागी. आपल्या होड्या हलक्या, उथळ, वल्ह्यांवर चालणाऱ्या. अंधार झाला, वारा पडला की नागाव-थळच्या बाजूने त्या निघायच्या, खडपांमधून वाट काढून बेटावर धान्य, दारूगोळा, माणसं उतरवायच्या आणि उजाडायच्या आत परत. भरती-ओहोटीचं गणित त्या लोकांच्या अंगात होतं. ते शिकायला शाळा नव्हती, पण परीक्षा मात्र रोज होती. आणि या परीक्षेत नापास म्हणजे बुडणं.

केग्विन महिनोन् महिने पहारा करत राहिला. सिद्दीचं आरमारही मदतीला आलं. तरी तट वाढतच गेला. शेवटी १६८० च्या जानेवारीत इंग्रजांनी माघार घेतली. सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली, पण खांदेरी महाराजांकडे राहिली. गेल्या काही वर्षांत ज्या मराठा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला त्या बारा किल्ल्यांत रायगड, आपल्या शेजारचं सुवर्णदुर्ग आणि ही खांदेरीसुद्धा आहे.

इथे पुस्तकातला धडा संपतो. केग्विनची गोष्ट मात्र संपत नाही. मला तो माणूस आपला वाटायला लागला तो यापुढे.

लढाईत ज्याने जहाज वाचवलं त्याच्याशी कंपनी कशी वागली? लंडनमध्ये जोशिया चाइल्ड नावाचा कंपनीचा बडा धनी होता. त्याचा एकच धोशा, मुंबईचा खर्च कमी करा. शिपायांचा पगार कापला. केग्विनला एकदा मोठी जागा दिली, कौन्सिलात बसवलं, आणि मग जागाही काढली, भत्ताही काढला. सुरतेला कंपनीचा मुख्य होता जॉन चाइल्ड, आणि मुंबईत त्याचा मेव्हणा चार्ल्स वॉर्ड. तक्रार करायची तर कोणाकडे? ज्याची तक्रार, त्याच्याच घरात न्याय.

मित्रहो, हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. मी खलाशी म्हणून चढलो आणि सारंग होऊन उतरलो. मधल्या वर्षांत एकदा एका कंपनीने आम्हाला परक्या बंदरात चार महिने बिनपगारी उभं ठेवलं होतं. कंपनीचं नाव सांगत नाही. जहाजावर भाजी संपली, गोडं पाणी मोजून मिळायला लागलं, आणि ऑफिसात फोन लावला की "साहेब मीटिंगमध्ये आहेत." तेव्हा आमच्यापैकी प्रत्येकाच्या डोक्यात काय काय येऊन गेलं, ते इथे बायकामुलांसमोर सांगण्यासारखं नाही. आज निदान कायदा आहे. जहाजी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ पासून लागू झाला, भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. पगार महिन्याच्या आत दिला पाहिजे, माणसाला परक्या बंदरात टाकून देता येत नाही, असं त्यात लिहिलंय. केग्विनच्या वेळी असलं काही नव्हतं.

२७ डिसेंबर १६८३ ला केग्विनने वॉर्डला अटक केली. फौज गोळा करून जाहीर केलं की आजपासून मुंबईवर कंपनीचा हुकूम नाही, राजाचा आहे. शिपाई आणि रहिवासी त्याच्या बाजूने उभे राहिले आणि त्याला गव्हर्नर केलं. इंग्लंडच्या राजाला पत्र पाठवून त्याने आपली सगळी कैफियत मांडली. हे राज्य जवळजवळ अकरा महिने चाललं.

या अकरा महिन्यांत त्याने दोन गोष्टी केल्या, त्या आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या. एक, सिद्दीच्या आरमाराला मुंबई बंदरात आसरा देणं बंद केलं. दोन, संभाजी महाराजांकडे वकील पाठवून १६८४ मध्ये तह केला. चार वर्षांपूर्वी ज्यांच्याशी तोफांनी बोलला त्यांच्याशी कागदावर बोलला. त्या तहात संभाजी महाराजांनी एक अट घातली होती, ती प्रत्येकाने वाचावी अशी आहे. आमच्या मुलखातली माणसं गुलाम म्हणून विकत घ्यायची नाहीत आणि त्यांना ख्रिस्ती करायचं नाही. त्या काळी किनाऱ्यावरून माणसं विकली जात होती. सेंट हेलेनाच्या कड्यावर वाट दाखवणारा ऑलिव्हर गुलाम होता, तसा आपल्या किनाऱ्यावरचाही कोणी होऊ शकला असता. राजाने तहात आपल्या गरीब रयतेची आठवण ठेवली, याचं मोल लढाईपेक्षा कमी नाही.

शेवटी इंग्लंडहून सर टॉमस ग्रँथम जहाज घेऊन आला. राजाने मुंबई कंपनीला परत द्यायचं ठरवलं होतं. केग्विन राजाच्या नावाने उभा होता, त्यामुळे राजाचा हुकूम आल्यावर त्याने वाद घातला नाही. सगळ्यांना माफी मिळाली पाहिजे एवढी अट घातली आणि १६८४ च्या नोव्हेंबरात किल्ला आणि खजिना ग्रँथमच्या हवाली केला. अकरा महिने किल्ल्याच्या चाव्या ज्याच्या कमरेला होत्या, तो गेला तेव्हा खजिना जागेवर होता. जहाजावर आम्ही 'चार्ज' देणं म्हणतो. घेताना सगळेच मोजून घेतात. देताना जो मोजून देतो तो माणूस खरा.

पुढचं थोडक्यात सांगतो. १६८५ मध्ये तो इंग्लंडला पोचला आणि पुन्हा राजाच्या आरमारात गेला. मुंबईत इकडे जॉन चाइल्डने मोगलांशी भांडण उकरून काढलं आणि १६८९ मध्ये सिद्दी याकूतखान मुंबईत घुसला. माझगाव, माहीम त्याच्या हातात गेली. केग्विनने ज्याला दारात उभं केलं नाही तो घरात येऊन बसला. तेव्हा केग्विन मात्र जगाच्या दुसऱ्या टोकाला निघाला होता. त्याला पुन्हा 'असिस्टन्स' जहाज मिळालं, या वेळी कप्तान म्हणून. वेस्ट इंडीजमध्ये सेंट किट्स नावाचं बेट आहे. तिथे फ्रेंचांवर हल्ला करताना, आपली माणसं किनाऱ्यावर उतरवताना, २१ जून १६९० ला तो पडला. कॉर्नवॉल, सेंट हेलेना, मुंबई, खांदेरी, सेंट किट्स. शिडाच्या जहाजावर एवढी दुनिया फिरलेला माणूस.

आता सुरुवातीला जे म्हटलं होतं ते. ही गोष्ट मंडणगडात का?

मला या माणसाबद्दल एवढं कसं कळलं? कारण कंपनी सगळं लिहून ठेवायची. कुठलं जहाज कधी निघालं, कोणाला किती पगार, कोणी काय तक्रार केली, कोण कुठे मेला. कंपनी कंजूष होती, पण तिच्या वह्या पक्क्या होत्या. त्या वह्या टिकल्या आणि १९१६ साली इंग्लंडात केग्विनच्या बंडावर आख्खं पुस्तक निघालं.

आणि मायनाक भंडारी? ज्याने चार महिने समुद्रातला एक खडक धरून ठेवला, त्याचं गाव कोणतं, त्याला मुलं किती, तो म्हातारा होऊन गेला की लढाईत, हे शाळेच्या पुस्तकात नाही. खांदेरीवर त्याने काय केलं हे आपण मुख्यतः त्याच्या शत्रूंच्या पत्रांतून वाचतो. इंग्रजांनी चिडून त्याचं नाव लिहिलं, म्हणून ते आपल्याला माहीत. रात्री अंधारात वल्ही मारून धान्य पोचवणाऱ्यांचं तर एकाचंही नाव आपल्यापाशी नाही. आणि इंग्रजांच्या शिबाडांवर पोटासाठी चढलेले खलाशी, तेही कोकणातलेच. त्यांचीही नाही.

आपला तालुका समुद्राला लागून आहे. सावित्री महाबळेश्वरहून निघते, महाडवरून येते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. रायगडाची ही पाण्याची वाट. १७५५ मध्ये बाणकोटचा हिंमतगड इंग्रजांनी घेतला आणि त्याला 'फोर्ट व्हिक्टोरिया' नाव दिलं. किल्ल्याचं नाव बदललं तरी खाडीत होड्या घालणारी माणसं तीच राहिली. त्यांचीच नातवंडं-पणतवंडं पुढे मुंबईला गेली आणि गोऱ्यांच्या आगबोटीवर खलाशी, आगवाले, भंडारी म्हणून चढली. बाणकोट, वेसवी, म्हाप्रळच्या बाजूला जा. घरटी कोणीतरी दर्यावर गेलेला सापडेल, हिंदूही आणि मुसलमानही. आपल्याच वर्गातल्या किती जणांचे वडील, आजोबा, मामा जहाजावर होते, हात वर करा बघू.

(सभागृहात वीस-बावीस हात वर झाले.)

बघा. आता यातले किती जण सांगू शकतील की आजोबा कोणत्या जहाजावर होते, कोणत्या साली, कोणत्या बंदरात?

(दोन हात उरले.)

म्हणून माझी एकच विनंती आहे. मे महिन्यात घरी जाल तेव्हा पेटी उघडा. त्यात कुठेतरी खलाशाचं नोकरीचं पुस्तक असेल. जुने लोक त्याला 'नली' म्हणायचे. त्यात जहाजाचं नाव, चढल्या-उतरल्याची तारीख, हुद्दा, सगळं असतं. वाळवी लागण्याआधी त्याचे फोटो काढा. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याच्यापाशी बसा आणि विचारा. पहिला पगार किती होता? पहिल्यांदा समुद्र लागला तेव्हा काय झालं? घरी मनिऑर्डर किती दिवसांनी पोचायची? आणि बायकांनाही विचारा, कारण नवरा दोन-दोन वर्षं दर्यावर असताना घर, शेत आणि सासू एकटीने सांभाळणारी तीच होती. एक साधी शंभर पानी वही घ्या आणि लिहा. भाषा शुद्ध नसली तरी चालेल. आमच्या मराठीच्या बाई समोर बसल्या आहेत, त्या एवढी सूट देतील.

या वह्या शाळेच्या ग्रंथालयात ठेवायची तयारी मुख्याध्यापकांनी दाखवली आहे. पहिली वही माझ्या वडिलांची असेल. तेही खलाशी होते. मी लिहायला घेतली आहे, बावीस पानं झाली आहेत, आणि त्यांच्या पहिल्या जहाजाचं नाव शोधायला मला तीन आठवडे लागले.

इतिहासाच्या बाई आपल्याला सनावळ्या पाठ करून घ्यायच्या आणि चुकलं की उभं करायच्या. आज त्यांच्यासमोर एवढ्या सनावळ्या न अडखळता सांगितल्या, तेव्हा आता बसायला परवानगी असावी.